पोलो १.० टीएसआय मॅन्युअल: ५० हजारांत ताकद वाढवायची आहे, सुरुवात कुठून करावी?

चाकणची_पोलो

नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), ६ स्पीड मॅन्युअल, २०२० ची, ६२,००० किमी झालेली. कंपनीचे आकडे ताकद ११० पीएस आणि टॉर्क १७५ न्यूटन मीटर (एनएम). इंजिनाला अजून कुणी हात लावलेला नाही, सर्व्हिस वेळच्या वेळी. रोज पुण्यात ३० किमी आणि महिन्यातून दोनदा ताम्हिणीतून कोकणात. पेट्रोल साधंच.

बजेट ५० हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. समोर तीन पर्याय आहेत:

१. ट्यूनिंग बॉक्स, १५ ते १८ हजार. स्वतःच लावायचा, हवा तेव्हा काढायचा.
२. स्टेज १ रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला मॅप (सॉफ्टवेअर) बदलणं. ट्यूनर १४० पीएस आणि २४० एनएम देतो म्हणतो.
३. कोन फिल्टर आणि मागचा एक्झॉस्ट.

कशाने सुरुवात करू? क्लच टिकेल का? तक्रार म्हणाल तर एवढीच की खालून गाडी छान उचलते, पण चौथ्यात ओव्हरटेक करताना ४,००० च्या पुढे दम संपतो.

---

टॉर्क_पाना

तुमचं शेवटचं वाक्य नीट वाचलं तर अर्धं उत्तर त्यातच आहे. खालून गाडी छान उचलते, वर दम संपतो. आणि ट्यूनर तुम्हाला विकतोय काय, तर २४० एनएम, म्हणजे नेमका खालचा टॉर्क. जिथे दुखत नाही तिथे लेप लावण्यातला प्रकार.

हिशोब साधा आहे. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७,०२३, की पीएस मिळतात. १७५ एनएम ४,००० ला म्हणजे जवळपास १०० पीएस. ५,५०० ला कंपनीचे ११० पीएस, म्हणजे तिथे टॉर्क उरतो फक्त १४० एनएम. ४,००० ते ५,५०० मध्ये ३५ एनएम गळाले, तेच तुम्हाला चौथ्यात जाणवतंय.

आता तुमचा गिअरबॉक्स. तो एमक्यू २०० आहे, आणि नावातला २०० हा आकडा न्यूटन मीटरचा आहे. बॉक्स २०१ ला लगेच फुटत नाही, पण २४० एनएम २,००० आरपीएमला, पाचव्यात, घाट चढताना, पुन्हा पुन्हा टाकलात की आधी क्लच घसरतो, मग बेअरिंग बोलायला लागतात.

म्हणून ट्यूनरकडे मागायचं ते असं:

- २,००० आरपीएमच्या खाली कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त टॉर्क नको.
- २,२०० ते ४,५०० पर्यंत सपाट २०० एनएम. त्याच्या वर कुठेही नाही.
- ४,५०० नंतर हळूहळू उतार, ५,५०० ला १६५ एनएम.

२०० एनएम ४,५०० ला म्हणजे १२८ पीएस, १६५ एनएम ५,५०० ला म्हणजे १२९ पीएस. थोडक्यात १,००० आरपीएमच्या पट्ट्यात सपाट १२८-१२९. जाहिरातीतल्या १४० पेक्षा कमी, पण तुम्ही जिथे ओव्हरटेक करता तिथे पंधरा-वीस पीएस खरोखरचे जास्त, आणि क्लच-गिअरबॉक्स कंपनीचेच चालतात. २४० एनएमवाला मॅप घेतलात तर वर्षभरात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि मजुरी मिळून बजेटचा अर्धा भाग पुन्हा खर्च होतो.

२,००० च्या खालची अट चैनीसाठी नाही. कमी आरपीएमला जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) दिला की सिलेंडरमध्ये चार्ज (हवा-इंधनाचं मिश्रण) जास्त वेळ दाबाखाली राहतो. तेलाचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच पेटवतो. ही साधी नॉकिंग (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप फुटणं) नव्हे. साधी नॉकिंग ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेऊन आवरतो. इथे ठिणगी पडायच्या आधीच आग लागलेली असते, त्यामुळे टायमिंगचा काही उपयोग नाही. एका दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटू शकते. पाचव्यात १,५०० ला असताना पूर्ण पाय दाबायची सवय असेल तर ती आज सोडा, रिमॅप असो वा नसो.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल.

ट्यूनिंग बॉक्स बूस्ट सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं सांगतो. ईसीयू बिचारा वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) आणखी मिटतो. पण या इंजिनात मॅफ (हवा थेट मोजणारा) सेन्सर नाही. हवा किती आली हे ईसीयू दाब आणि तापमानावरूनच काढतो. म्हणजे खोट्या दाबावरून हवेचा हिशोबही खोटा, आणि त्यावरून टायमिंग व इंधनही खोटं. त्यात या टर्बोचा वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटरने चालतो आणि त्याची जागा ईसीयूला दिसते. जागा आणि दाब जुळेनात की कधी पी०२३४ (जास्त बूस्टचा कोड), कधी पी०२९९ (कमी बूस्टचा), आणि गाडी लिंप मोडमध्ये (ताकद कापलेल्या अवस्थेत). जुन्या, हवेच्या नळीवर चालणाऱ्या वेस्टगेटला लावायचे ते हाताने फिरवायचे बूस्ट कंट्रोलर इथे लागतच नाहीत, कारण नळीच नाही. कुणी विकायला आला तर ओळखा.

कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज येतो, ताकद नाही. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा एक्झॉस्ट बदलून टर्बो इंजिनला मिळतो तोही मुख्यतः आवाजच. दोन्ही यादीतून काढा.

म्हणजे उरला रिमॅप. पण तो शेवटी. आधी इंजिन कंपनीचे ११० तरी देतंय का, ते बघा.

---

साबणाचं_पाणी

वरच्याशी सहमत. ६२,००० किमीच्या गाडीत दम संपतो तेव्हा मला आधी बूस्ट लीकचा संशय येतो. लीक असेल तर ईसीयू टर्बोला जास्त पळवून दाब भरून काढतो, त्यामुळे इंजिन लाइट लागत नाही. वर मात्र टर्बोकडे शिल्लक नसते. अशा गाडीवर रिमॅप केला की टर्बो मरेपर्यंत पळतो.

तपासायचं कसं ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी नुसतं 'पाइप बघितला, ठीक आहे' म्हणून सोडून देतात.

लागेल ते: टर्बोच्या तोंडाला जाणाऱ्या होजच्या आतल्या मापाची पीव्हीसी एंड कॅप (नळाच्या सामानाच्या दुकानात मिळते, माप घेऊनच जा), ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, होज क्लिप, गेज असलेला पायपंप, आणि भांड्याचा साबण पाण्यात घट्टसर कालवून स्प्रेच्या बाटलीत.

कॅपला मधोमध भोक पाडून व्हॉल्व्ह आतून ओढून बसवा. इंजिन थंड. एअर फिल्टरचा डबा काढा, टर्बोकडे जाणाऱ्या तोंडात कॅप बसवून क्लिप आवळा. क्रँककेसच्या वाफा परत आणणारी नळी याच बाजूला जोडलेली असते, ती काढून दोन्ही टोकं बंद करा. न विसरता, कारण नाहीतर तुम्ही भरलेली हवा थेट क्रँककेसमध्ये जाते आणि तेल सील बाहेर ढकलते. मग पंप मारा, ०.५ बारच्या वर जाऊ नका.

पहिला आवाज ऐकाल तो बहुधा एक्झॉस्टमधून हलका फुस्स. घाबरू नका. कुठल्या तरी सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात, हवा तिथून जाते. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून किंचित ढकला, इंजिन जरा फिरेल, आवाज कमी होईल. गेज तरीही झपाट्याने पडत असेल तर खरी गळती आहे.

आता साबण. टर्बोपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जो काळा प्लॅस्टिकचा पाइप जातो त्याच्या दोन्ही टोकांवर आधी मारा. थ्रॉटलकडच्या टोकाला ओ-रिंग आणि स्प्रिंग क्लिप असते. थ्रॉटल साफ करून पाइप परत बसवताना क्लिप अर्धीच बसते, पाइप हाताला घट्ट वाटतो, पण ओ-रिंगची एक बाजू दुमडून कापली जाते. बुडबुडे मोठे येत नाहीत. पाइपच्या खालच्या अंगाला पांढरा फेस कुरमुऱ्यासारखा जमतो. वरून बघून चालत नाही, हात खाली घालून बोट फिरवा किंवा मोबाइलचा कॅमेरा खाली धरा. जिथे पाइपवर तेलकट, धूळ चिकटलेला काळा पट्टा आहे तिथे गळती असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण बूस्टच्या हवेत तेलाची वाफ असतेच.

ओ-रिंग नवीन घाला, तेलाचं बोट फिरवून बसवा, क्लिप 'टक' वाजेपर्यंत दाबा आणि मग पाइप ओढून खात्री करा.

दुसरं, इंटरकूलर. या इंजिनात तो पुढे जाळीमागे नसतो, इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो आणि पाण्याने गार होतो. त्याचं पाणी वेगळ्या छोट्या सर्किटमधून, इलेक्ट्रिक पंपाने फिरतं, आणि तेच पाणी टर्बोच्या बेअरिंगलाही जातं. गाडी बंद केल्यावरही काही वेळ गुंई आवाज येतो तो हाच पंप, तो बिघाड नव्हे. पंप मंद झाला किंवा पुढचा छोटा रेडिएटर चिखलाने, किड्यांनी बुजला की हवा गरम राहते, ईसीयू टायमिंग कापतो. पावसाळ्यात कोकणात जाता म्हणजे तिथे लाल माती नक्की असेल. साध्या नळाच्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने नको, पाती वाकतात.

तिसरं, प्लग. तीनच आहेत, आणि ते बदलल्याशिवाय रिमॅपला जाऊ नका. बूस्ट वाढला की प्लगच्या फटीत हवा दाट होते, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. ६०,००० किमी झालेल्या प्लगची फट झिजून वाढलेली असते. पूर्ण रेस दिल्यावर ठिणगी विझते, गाडी बारीक झटके मारते, पी०३०१ ते पी०३०३ पैकी कोड येतो आणि लोक कॉइलला दोष देतात.

१३० पीएसपर्यंत एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग पुरे. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड; काही ब्रँडमध्ये नेमकं उलटं असतं, खोका वाचूनच घ्या. फट ०.६ ते ०.६५ मिमी. इरिडियम प्लगची फट नाण्यासारख्या गोल गेजने वाढवू-कमी करू नका, मधला तारेएवढा इलेक्ट्रोड चिरतो. तारेचा गेज घ्या आणि वाकवायचा तो फक्त बाहेरचा पाय. आटे कोरडे, इंजिन थंड, आधी हाताने तीन-चार वेढे, मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पाना. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, अंदाजपंचे आवळलं की आटे जातात. कॉइल काढताना कनेक्टरची कडी जपा, उष्णतेने ती बिस्किटासारखी झालेली असते.

तेल: फोक्सवॅगनची मान्यता आणि एपीआय एसपी दोन्ही असलेलं घ्या. एसपी एवढ्यासाठी की टॉर्क_पाना यांनी वर सांगितलेल्या कमी आरपीएमच्या अकाली पेटण्याची चाचणी त्या दर्जात आहे. साधारण ४ लिटर लागतं. रिमॅपनंतर १५,००० ची वाट न बघता ७,५०० ला बदला.

व्हॉल्व्हवरचा कार्बन हा डायरेक्ट इंजेक्शनचा जुना रोग. या इंजिनात इतका लवकर होत नाही. सकाळी थंड असताना आयडल थरथरत असेल तरच मॅनिफोल्ड काढून बघा, नाहीतर पैसे वाचवा.

---

चाकणची_पोलो

दोघांचेही आभार. पीव्हीसी कॅपचं या रविवारीच करतो. दोन शंका. पेट्रोल कुठलं धरून मॅप बनवायचा? आणि रिमॅप झाल्यावर तो नीट आहे हे मला कसं कळणार? ट्यूनर तर 'मस्त झालंय' म्हणणारच.

---

लॅम्डा_०८८

पेट्रोल: तुमच्या वाटेवर जे सगळ्यात हलकं मिळतं ते धरून. पुण्यात एक्सपी ९५, पॉवर ९५ सहज मिळतं, एक्सपी १०० सुद्धा. पण माणगाव-श्रीवर्धनकडे टाकी रिकामी झाल्यावर पंपावर जे असेल तेच भरणार ना? १०० ऑक्टेनवर टायमिंग ताणलेला मॅप साध्या पेट्रोलवर नॉक सेन्सरच्या जिवावर चालतो. नॉक सेन्सर ही आपत्कालीन व्यवस्था आहे, रोजची नव्हे. मॅप साध्या पेट्रोलवर करा, ९५ भरलं तर ते वरचं सुरक्षा अंतर समजा.

इथेनॉलचंही ध्यानात घ्या. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ८ ते ९ टक्के जास्त इंधन. नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल चांगलंच, ऑक्टेन जास्त आणि वाफ होताना चार्ज गार करतं. पण इंधनाच्या हाय प्रेशर पंपाची शिल्लक तेवढी कमी होते. ट्यूनरने ई२० च्या आधीच्या पेट्रोलवर बनवलेली तयार फाइल तशीच ओतली तर वरच्या आरपीएमला रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणारा इंधनाचा दाब) पडू शकतं.

कळणार कसं? लॉग घेऊन. स्वस्तातला ईएलएम ३२७ डोंगल तापमान बघायला ठीक, पण सेकंदाला एक-दोनच नोंदी देतो, नॉकिंग त्यात निसटतं. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (फोक्सवॅगन तपासायची साधनं) असलेला मित्र शोधा. एका वेळी मोजक्याच गोष्टी निवडा, जास्त घेतल्या की वेग मंदावतो. मी घेईन त्या: आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, तिन्ही सिलेंडरचं टायमिंग मागे घेणं, इनटेक तापमान, रेल प्रेशर मागितलं-मिळालं, लॅम्डा (हवा-इंधन प्रमाण).

लॉग तिसऱ्या गिअरमध्ये, १,८०० पासून पाय पूर्ण दाबून. तिसऱ्यात ५,००० ला वेग शंभरी ओलांडतो, म्हणून हे काम डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) करा, नगर रोडवर नको. डायनोवर बॉनेटपुढे मोठा पंखा हवाच, नाहीतर तापमानाचे आकडे फसवतात.

वाचायचं असं. दोन-तीन अंशांपर्यंत टायमिंग इकडे तिकडे मागे जातंय, कधी एका सिलेंडरला कधी दुसऱ्याला, तर ठीक. एकाच सिलेंडरला पुन्हा पुन्हा चार-पाच अंश जातंय तर थांबा, प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बघा. तिन्हींना एकदम जातंय तर मॅप किंवा पेट्रोल. मागितलेला बूस्ट सपाट आणि मिळालेला वर जाता जाता खाली सुटतोय तर गळती किंवा टर्बोची मर्यादा. रेल प्रेशर मागितल्यापेक्षा दहा टक्क्यांनी खाली गेलं तर टॉर्क कमी करायला सांगा, इथे वाटाघाट नाही. इनटेक तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश वर चालतं. ६५ च्या पुढे चढत राहिलं तर इंटरकूलरचा पंप.

एक गोष्ट ट्यूनर क्वचितच विचारतात ती म्हणजे उंची. समजा मॅप मॅनिफोल्डमध्ये एकूण २.० बार मागतो. मुंबईत बाहेरची हवा जवळपास १.०१ बार, टर्बोला हवा दुप्पट दाबावी लागते. पुण्यात, ५६० मीटरवर, हवा ०.९५, प्रमाण २.१. महाबळेश्वरला १,३५० मीटरवर हवा ०.८६ च्या आसपास, प्रमाण २.३३. तोच दाब द्यायला टर्बोचा चाकदांडा कितीतरी जास्त वेगाने फिरतो आणि हवाही जास्त गरम होते. मुंबईच्या डायनोवर शहाण्यासारखा वागणारा मॅप वाई-पाचगणी चढताना टर्बोला त्याच्या मर्यादेबाहेर नेतो. कंपनीच्या मॅपमध्ये उंचीनुसार बूस्ट उतरवणारा तक्ता असतो. ट्यूनरला थेट विचारा: तो तक्ता ठेवलाय की सपाट केलाय? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा शोधा.

शिवाय मूळ फाइल तुमच्याकडे पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि फ्लॅश करताना बॅटरीला चार्जर जोडलेला असू द्या. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू उघडून टेबलावर जिवंत करावा लागतो.

---

जुनी_जीटी

थोडं विषयांतर. माझ्याकडे २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, १.२, ७ स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक). हेच सगळं लागू का?

---

टॉर्क_पाना

अर्धंच. ते वेगळं इंजिन: चार सिलेंडर, १,१९७ सीसी, १०५ पीएस, टायमिंग बेल्ट नाही, चेन. आणि चेनच तुमचा पहिला प्रश्न. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खळखळ वाजते का ते ऐका, बॉनेट उघडून, उजव्या बाजूला कान करून. वाजत असेल तर चेन ताणली आहे किंवा टेन्शनर गेलाय. आधी चेन किट, मग बाकी सगळं. चेन दात सोडून उडाली की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात.

गिअरबॉक्स डीक्यू २००, कोरडे क्लच, मर्यादा २५० एनएम. आकडा मोठा दिसतो, पण कोरड्या क्लचचा शत्रू टॉर्कपेक्षा उष्णता आहे. सिग्नलला गाडी ब्रेकवर अर्धवट सरकवत राहिलात तर कंपनीच्या १७५ एनएमलाही क्लच जळतो. तुम्हाला २०० ते २१० वर थांबा म्हणेन, आणि मेकाट्रॉनिकचं (डीएसजी चालवणाऱ्या युनिटचं) काम आधी झालंय का ते कागद काढून बघा.

---

आरसी_आणि_पीयूसी

कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन्ही एकच सांगतात, आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. कॅट काढून टाकणं, आवाज करणारा एक्झॉस्ट हे तर सरळ दंडाचं काम. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही, पण शोरूमच्या संगणकाला दिसतो. ईसीयूतल्या सॉफ्टवेअरची बेरीज जुळली नाही की गाडीच्या नावावर टीडी१ अशी खूण पडते, आणि मूळ फाइल परत टाकली तरी ती खूण जात नाही. वॉरंटी संपली असेल तर या खुणेने फारसं बिघडत नाही. विम्याचं बिघडतं. बदल न कळवता अपघात झाला तर सर्व्हेअरला कारण आयतं मिळतं. कळवा, लेखी कळवा, पोहोच ठेवा.

आणि सर्व्हिसला देताना 'सॉफ्टवेअर अपडेट करू नका' असं जॉबकार्डवर लिहून घ्या, नाहीतर रिमॅप फुकटात पुसून परत मिळतो.

---

चाकणची_पोलो

विमावाल्यांना मेल करतो. बजेट असं बसवलं आहे, चुकत असेल तर सांगा:

प्लग तीन: ३,०००
तेल आणि फिल्टर: ५,०००
ओ-रिंग, पीव्हीसी कॅप, साबण: ५००
डायनो, आधी आणि नंतर: ५,०००
रिमॅप: ३२,०००
एकूण ४५,५००. उरलेल्या साडेचार हजारांत ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसतो का?

---

साबणाचं_पाणी

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणजे पिस्स आवाजाला साडेचार हजार. त्यापेक्षा ब्रेक ऑइल डॉट ४ चं नवीन भरा आणि पुढचे पॅड बघा. ताकद १३० पीएस झाली तरी ब्रेक ११० पीएसच्या गाडीचेच राहतात, हे ताम्हिणी उतरताना कळतं. जुन्या ऑइलने पाणी ओढलेलं असतं, लागोपाठ चार वळणांना दाबलं की आत उकळतं आणि पेडल मऊ होतं.

---

टॉर्क_पाना

यादी बरोबर, क्रम बदला. पहिली डायनो धाव प्लग आणि ओ-रिंगच्या आधी नको, नंतर. गळती असलेल्या गाडीचा आकडा आधी घेतलात तर गळती बुजवल्याचे पीएस ट्यूनरच्या खात्यात जमा होतात. चाकांवरचा आकडा ९३ ते ९७ पीएस आला तर इंजिन कंपनीचे ११० देतंय असं समजा, कारण बारा ते पंधरा टक्के गिअरबॉक्स आणि टायर खातात. ८५ आला तर रिमॅपचे पैसे खिशात ठेवा आणि बिघाड शोधा. दुसरी धाव त्याच डायनोवर, शक्यतो त्याच दिवशी, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून.

आणि रिमॅपला जाण्याआधी क्लचची परीक्षा. मोकळा, सपाट रस्ता, गाडी पूर्ण गरम. पाचव्यात २,००० आरपीएमला स्थिर धरा आणि पाय हळू नव्हे, एकदम पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा हातात हात घालून चढले पाहिजेत. आरपीएमचा काटा आधी दोन-तीनशेने उडी मारून वर गेला आणि वेग मागून रेंगाळत आला, तर क्लच १७५ लाच घसरतोय, २०० चा विचार सोडा. एकदाच करा, वास येईपर्यंत पुन्हा पुन्हा नको.

---

चाकणची_पोलो

पीव्हीसी कॅप लावून बघितली. ०.५ बार भरल्यावर गेज अर्ध्या मिनिटात ०.२ वर आलं. एक्झॉस्टचा आवाज टॉप गिअरमध्ये ढकलल्यावर गेला, तरी पडतंच होतं. थ्रॉटलकडच्या टोकाला, खालच्या बाजूने फेस. ओ-रिंग काढली तर एका ठिकाणी चिरलेली. नवीन मागवली आहे. यात पाइपही बदलायचा का?

---

साबणाचं_पाणी

पाइपच्या तोंडाला नखाने खाच लागते का बघा, विशेषतः जिथे ओ-रिंग चिरली त्याच जागी. खाच नसेल तर फक्त ओ-रिंग. खाच असेल तर पाइप बदला. सिलिकॉन सीलंट लावू नका, सुटलेला तुकडा थेट थ्रॉटलमध्ये जातो. बसवल्यावर परत ०.५ बार भरा. या वेळी अर्ध्या मिनिटाला ०.४ च्या वर राहिलं पाहिजे. मग डायनोची वेळ घ्या.